अठ्ठावीस खुरांचा हिशेब



दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या कोल्हापूरकडच्या पोरांचे हात कोपरापर्यंत मातीत जातात. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं पोतं, पोत्यावर चिखलाचा लेप, त्यात पेरलेले हळीव नाहीतर मोहरी, आणि चार-सहा दिवसांत किल्ला हिरवागार. मग सैन्याची भरती सुरू होते. गंगावेशीत, शाहूपुरीत, बापट कॅम्पात कुंभारांच्या दारात फळीवर मावळे मांडलेले असतात. कुंभाराचं वर्षच असं चालतं. बेंदराला बैल, पंचमीला नागोबा, भाद्रपदात गणपती आणि दिवाळीला मावळे.

या मावळ्यांत घोडेस्वारही असतात. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, स्वाराच्या हातात उपसलेली तलवार. एक घ्या, दहा घ्या, सगळे एकाच साच्यातले. सगळे एकाच वेळी हल्ला करतायत. पण हे आले कुठून, रात्री मुक्काम कुठं पडला, घोड्यानं वैरण काय खाल्ली, पाणी कुठं प्यालं, हे त्यांना विचारायची सोय नाही.

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते घोडदळ कसं उभं करावं याविषयी. खरं नव्हे, टेबलावर मावेल एवढं.

तुम्ही म्हणाल, हा पोरखेळ. पण या पोरखेळाची परंपरा मोठी आहे. आपलं बुद्धिबळ म्हणजे मुळातलं चतुरंग. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं त्या पटावर होती. प्रशियाच्या लष्करानं १८२४ च्या सुमारास नकाशावर ठोकळे सरकवून खेळायचा लढाईचा खेळ आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि हा खेळ घराच्या फरशीवर आणला. त्यांचा नियम साधा. पायदळाचा शिपाई एका डावात एक फूट चालतो, घोडेस्वार दोन फूट. पुढं नियम बारीक होत गेले. १९९० साली इंग्लंडात ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ नावाची एक छोटी नियमावली निघाली. तिच्यात प्रत्येक सैन्य बारा तुकड्यांचं. एकेक तुकडी एकेका पट्टीवर चिकटवलेली. जड, चिलखती घोडदळ असेल तर पट्टीवर तीन-चार स्वार दाटीनं बसवायचे. हलकं घोडदळ असेल तर दोनच, ऐसपैस. म्हणजे नुसती पट्टी बघून कळावं, की हे सैन्य अंगावर धावून जाणारं आहे की चकवा देऊन निसटणारं.

हे सगळं मला माझ्या भाच्यानं सांगितलं. तो नोकरीनिमित्त इंग्लंडला असतो. मागे सुट्टीला आला, तेव्हा धातूच्या स्वारांची एक डबी घेऊन आला. उभा माणूस जेमतेम सव्वा इंच. स्वारही लोखंडात मढलेला आणि घोडाही. म्हणाला, “मामू, हे त्यांच्या मध्ययुगातलं. आपलं घोडदळ करूया का?”

मी बी.ए. झालो तो इतिहास घेऊन. पण पोटासाठी आयुष्यभर गांधीनगरात कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिले. गांधीनगर आमच्या उचगावला लागूनच. दिवसा जमाखर्च आणि रात्री कविता, असा माझा प्रपंच. त्यामुळं मी म्हटलं, “करूया. पण आधी यादी.”

यादी करायला फार लांब जावं लागत नाही. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून बखर लिहिली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना दिली आहे. पागेतला स्वार म्हणजे बारगीर. त्याला घोडा आणि हत्यार सरकारचं. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. सगळ्यांवर सरनौबत.

हिशेबनीस माणूस लगेच पेन्सिल घेतो. पंचवीस पंचे एकशेपंचवीस, हा जुमला. त्याच्या दहापट बाराशेपन्नास. म्हणजे नाव हजारी, पण कागदावर माणसं साडेबाराशे. जुमलेदाराला पगार वर्षाला ५०० होन आणि पालखी. त्याच्या हाताखाली जमाखर्च बघायला मजमूदार, त्याला १०० ते १२५ होन. हे वाचून मला फार बरं वाटलं. तलवारीच्या शेजारी कुणीतरी वही घेऊन बसलेला होता तर!

आणि याच यादीत, जाता जाता, सभासद आणखी एक गोष्ट नोंदवतो. दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. एक पाणी आणणारा, एक घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा.

भाच्याचा हिशेब वेगळा होता. तो म्हणाला, “मामू, या खेळात एक बाहुली म्हणजे पंचवीस माणसं धरायची. पन्नास स्वार केले की तुमची एक हजारी उभी राहिली.” बरोबर होतं त्याचं. जगभर असंच करतात, नाहीतर खोलीत सैन्य मावायचं नाही. पण मी पेन्सिल खाली ठेवली. पंचवीस घोड्यांमागं एक नालबंद. एका बाहुलीनं पंचवीस माणसं दाखवायची, तर नालबंदाच्या वाट्याला बाहुलीचा पंचविसावा हिस्सा येतो. म्हणजे काहीच येत नाही. पेढीवर आम्ही याला पैसे सोडून रुपये धरणं म्हणतो. मोठ्या आकड्यात असे सुटे पैसे नेहमी सोडले जातात. इतिहासाच्या मोठ्या आकड्यांतही सोडले गेले.

तेव्हा आम्ही ठरवलं, की हजारी नको, जुमला नको. एकच हवाला करू, पण तो पुरा करू. एका माणसाला एक बाहुली. पंचवीस बारगीर, एक हवालदार, एक नालबंद, एक पखालजी. एकूण अठ्ठावीस माणसं.

आता करायचं कसं ते सांगतो, म्हणजे कुणाला हौस असेल तर उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न घोड्याचा. बाजारात मिळणारा घोडा उंच, भरदार मानेचा, विलायती दिसतो. दख्खनचा घोडा तसा नव्हता. भीमेच्या काठावर पैदास होणारं भीमथडी तट्टू ठेंगणं, काटक, पायाचं घट्ट. डोंगर चढणारं आणि मिळेल त्या चाऱ्यावर दिवस काढणारं. तेव्हा घोडा बेतानं लहान करायचा. स्वाराचे पाय त्याच्या पोटाच्या थोडे खाली लोंबले तरी चालेल. दुसरा प्रश्न घोड्याच्या पायांचा. मातीच्या घोड्याचे पाय मोडतात. म्हणून कुंभार पोटाखाली मातीचा खुंट ठेवतो नाहीतर चारी पाय जाडजूड करतो. आम्ही बारीक तारेचा सांगाडा केला आणि त्यावर एम-सील चढवलं. नळाची गळती थांबवायला आणतो तेच. दोन वड्या एकत्र मळल्या की अर्धा-पाऊण तास हातात खेळतं, मग दगड होतं. भाल्याला खराट्याची काडी. ढालीला शर्टाचं बटण. खोगिराला कापडाच्या चिंध्या, आणि गांधीनगरात चिंध्यांना काय तोटा!

खोगीर करताना एक शब्द हातात आला. खोगीरभरती. आपण हा शब्द निरुपयोगी माणसांच्या गर्दीला वापरतो. पण खोगिरात भरती नसेल तर काय होतं, हे घोड्याच्या पाठीला विचारावं. दोन दिवसांत पाठ सोलून निघते आणि मग घोडाही गेला आणि स्वारही पायी. जी भरती दिसत नाही तिच्यावर बसूनच स्वार लढतो. आपल्या भाषेनं या शब्दावर जरा अन्यायच केला आहे.

मग एकेक सामान करत गेलो. लगाम, रिकीब, तंग, दुमची. मुक्कामाला घोडा बांधायची अगाडी आणि पिछाडी. तोंडाला अडकवायचा तोबरा. पाठीवर फिरवायचा खरारा. घोड्याचे रंग ठरवले. कुमैत, सब्जा, अबलख, पंचकल्याणी. आणि माझ्या लक्षात आलं, की यातले किती शब्द कुठून कुठून आलेले आहेत. हवालदार, जुमलेदार, हजारी, बारगीर, शिलेदार, नालबंद, लगाम. यात फारसी आहे, अरबी आहे, आणि सगळे शब्द मराठीच्या पागेत एका दावणीला उभे आहेत. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारच्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यामागं स्वाभिमान होता, तो समजू शकतो. पण पागेत मोतद्दार घोड्याला लगाम चढवताना लगामच म्हणत राहिला. आजही म्हणतो.

घोडदळ सांभाळणं म्हणजे काय, हे कळण्यासाठी आणखी एक कागद वाचावा. राज्याभिषेकाच्या थोडं आधी, चिपळूणच्या मुक्कामावरच्या जुमलेदारांना आणि हवालदारांना महाराजांचं एक पत्र गेलेलं आहे. त्यात तलवारीचा विषय नाही. विषय आहे दाणा-वैरणीचा. आत्ताच मनाला येईल तसं खर्च केलं तर पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणाचं धान्य, कुणाची भाजी, कुणाचं लाकूड ओढून आणाल. आणि मग गरीब रयतेला मोगल बरे वाटतील. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथवर काळजी त्या पत्रात आहे. एका राजाला उंदराच्या तोंडातली वात दिसत होती. घोडदळ उभं करणाऱ्या माणसाची नजर ती. शत्रू नंतर येतो, आधी उंदीर येतो.

स्वार करणं तसं सोपं. पंचवीसपैकी दहा झाले की हात बसतो. खरी परीक्षा पखालजीची आणि नालबंदाची. कारण त्यांचा नमुना कुठं मिळत नाही. साचा नाही, चित्र नाही. पखालजी आम्ही रेड्यासकट केला. रेड्याच्या दोन्ही अंगांना फुगलेली कातडी पखाल, आणि तोंड धरून चालणारा माणूस, पाण्याच्या ओझ्यानं नव्हे तर पाणी सांडेल या काळजीनं वाकलेला.

नालबंद मात्र मी कुणालाच करू दिला नाही. माझं आजोळ नालबंदांचं. आडनावही तेच. नाना, म्हणजे माझ्या आईचे वडील, घोड्यांना नाल ठोकत ते टांगे होते तोवर. पुढं टांगे गेले आणि नाना बैलांवर आले. आमच्याकडं बैलाला पत्री मारणं म्हणतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी नानांच्या झाडाखाली बैलांची रांग लागायची. कारखान्याचा रस्ता डांबरी. पत्रीशिवाय बैल त्या रस्त्यावर उसाची गाडी ओढूच शकत नाही. दोरी घालून बैल अलगद आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा, आणि खिळा असा मारायचा की तो नखात जावा, मांसात जाऊ नये. त्यात एका सुताचा फरक. नाना म्हणायचे, “जनावर बोलत नाही. चूक केली तर चार कोसांवर कळतं, आणि तेव्हा आपण तिथं नसतो.”

घोड्याचं तसं नाही. घोड्याला पाडत नाहीत. तो उभा राहतो, नालबंद त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतो. मला हेच करायचं होतं. पण तीन पायांवरचा घोडा टेबलावर उभा राहीना. सारखा कलंडायचा. भाचा म्हणाला, खाली खुंट देऊ. मी म्हटलं, थांब. नालबंद तयार करून त्याच्या मांडीवर घोड्याचा पाय टेकवला, तेवढ्या जागी एम-सीलचा एक थेंब दिला, आणि घोडा उभा राहिला. चौथा पाय माणसाचा होता.

आता सैन्य झालं, शत्रू हवा. त्यासाठी आम्ही उमराणीची लढाई निवडली. १६७३ च्या एप्रिलमध्ये जत भागातल्या उमराणीजवळ सरनौबत प्रतापराव गुजर यांनी आदिलशाहीचा सरदार बहलोलखान याला गाठलं. उन्हाळ्याचे दिवस. मराठ्यांनी खानाच्या फौजेचं पाणी तोडलं.

गल्लीतली चार पोरं खेळायला जमली होती. दुसरं सैन्य रंगवायचं होतं. शेजारचा सहावीतला मुलगा हिरव्या रंगाची बाटली माझ्याकडं सरकवत अगदी सहज म्हणाला, “चाचा, हिरवे तुम्ही घ्या. भगवे आम्ही घेतो.”

त्याच्या वडिलांचा चेहरा उतरला. ते पोरावर हात उगारणार, तेवढ्यात मी आडवा हात केला. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं दुकानात सैन्य तसंच बघितलं होतं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तसंच बघितलं होतं. आणि माझ्या ताटात त्यानं ईदेचा शिरखुर्मा खाल्लेला होता. त्याच्या हिशेबात दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी बसत होत्या. आपल्या जुन्या लोकांनी म्हणून ठेवलंय, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या तख्तांची भांडणं, आणि डाग उचगावच्या गल्लीतल्या पोरांना.

मी म्हटलं, “बाळा, रंग मग देऊ. आधी दोन्हीकडची नावं लिहू.” वही काढली. आदिलशाहीच्या चाकरीतले मराठे सरदार लिहायला लागलो. मुधोळचे घोरपडे, कागलचे घाटगे, म्हसवडचे माने, जतचे डफळे. कागल म्हटल्यावर पोरं चमकली. कागल तर आमच्या हायवेवरच आहे! मग स्वराज्याच्या बाजूचं पान. सभासदानं पायदळाचा सरनौबत म्हणून नूरबेगाचं नाव दिलं आहे. आरमारात दौलतखान. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांसोबत असलेल्यांत सिद्दी इब्राहिम. आणि घोडदळात सिद्दी हिलाल. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर हा सिद्दी हिलाल गेला होता. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. हे परमानंदानं शिवभारतात लिहून ठेवलं आहे. बाप स्वराज्यासाठी लढत होता, पोरगा स्वराज्यासाठी पकडला गेला, आणि वेढा घालणाराही सिद्दीच होता.

त्या काळात धर्म नव्हता, सगळे गळ्यात गळा घालून होते, असं मी पोरांना सांगितलं नाही. ते खरं नाही. माणसं तेव्हाही आपापल्या देवाचं नाव घेऊनच लढत होती, देवळं पडत होती, जखमा होत होत्या. पण चाकरी, वतन, सूड, इमान आणि पोट यांचे धागे धर्माच्या धाग्यात इतके गुंतलेले होते, की एका रंगाच्या बाटलीत ते मावत नाहीत. एवढंच मला त्याला दाखवायचं होतं. मग आम्ही स्वारांना साधे रंग दिले, पांढरा, मळकट, तांबूस, निळसर. खेळताना ओळख पटावी म्हणून एका सैन्याच्या पट्ट्यांच्या कडा पांढऱ्या केल्या, दुसऱ्याच्या काळ्या. सगळीकडचे खेळाडू अशा कडा रंगवतात. आणि गंमत म्हणजे, त्याच पोरानं हट्ट करून बहलोलखान स्वतःकडं घेतला. का? तर खानाकडं हत्ती होते!

खेळाला एक नियम आम्ही पदरचा घातला. प्रत्येक सैन्याला दहा चिंचोके म्हणजे पाणी. दर डावाला एक चिंचोका खर्च. चिंचोके संपले की घोड्याची चाल निम्मी. पखालजी पाणवठ्याला जाऊन आला की पाच चिंचोके परत. आणि नालबंद मेला तर तीन डावांनंतर खडकाळ जागी घोडा चालणारच नाही.

पहिले चार डाव खानाचे हत्ती फार जोरात होते. पोरगा खूश. प्रतापराव म्हणून खेळणारी माझ्या बहिणीची नात शांत. तिनं हल्ला केलाच नाही. पाच स्वार गुपचूप नेऊन पाणवठ्यावर बसवले आणि बाकीचे लांबून फिरवत ठेवले. दहाव्या डावाला खानाचे चिंचोके संपले. हत्ती जागच्या जागी. पोरगा टेबलाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “चाचा, माझ्याकडं पखालजीच नाही.”

मी म्हटलं, “होता. तू त्याला हत्तीच्या पुढं उभा केलास, तो पहिल्याच डावात गेला.”

खऱ्या उमराणीतही पाण्यावाचून खान जेरीस आला, शरण आला. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. पुढं तो पुन्हा चालून आला. महाराज नाराज झाले. खानाला मारल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा निरोप गेला. आणि २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी आमच्याच जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीजवळ, प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण पडले.

पोरांना आता नेसरी खेळायची होती. मांडणी केली. एका बाजूला सात स्वार, दुसऱ्या बाजूला सगळं सैन्य. फासा टाकायच्या आधीच सगळ्यांना कळलं, की यात खेळ नाही. सात जणांना कितीही चांगलं दान पडलं तरी निकाल तोच. नातीनं विचारलं, “आजोबा, मग ते गेले कशाला?”

याचं उत्तर नियमावलीत नाही. मी कवी आहे, मला वाटतं ते उत्तर कवितेतच आहे. आणि कुसुमाग्रजांनी ते असं देऊन ठेवलं आहे, की मराठी माणसाला आणखी काही सांगायला नको. हिशेब जिथं थांबतो तिथून कविता सुरू होते. उमराणी हा हिशेबाचा विजय होता. पाणी किती, वैरण किती, उन्हाची वेळ कोणती. नेसरी हा हिशेब फेकून देणाऱ्यांचा दिवस होता. दोन्ही दिवस एकाच सरनौबताच्या आयुष्यातले, दहा महिन्यांच्या अंतरानं. मुलांना आपण नेसरी सांगतो आणि उमराणी सांगायची विसरतो. त्यामुळं त्यांना वाटतं, की शौर्य म्हणजे फक्त तुटून पडणं.

त्या सहा स्वारांची जी नावं परंपरेनं सांगितली जातात, ती मी पोरांना वाचून दाखवली. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, विठोजी शिंदे आणि सिद्दी हिलाल. शेवटच्या नावाशी पोरगा थांबला. “हा तोच का? पन्हाळ्याचा?” म्हणाला. परंपरा तसं सांगते, असं मी म्हटलं. त्यानं काही न बोलता सातवा स्वार उचलून ओळीत नीट लावला.

मला मात्र तेव्हा दुसराच हिशेब सुचत होता. सात घोडे, त्यांचे खूर अठ्ठावीस. कोल्हापूरपासून नेसरीपर्यंतचा मुलूख म्हणजे दगड आणि चढउतार. त्या अठ्ठावीस खुरांना आदल्या मुक्कामावर कुणीतरी नाल ठोकले असतील. पाय मांडीवर घेऊन, एका सुताचा फरक सांभाळून. संध्याकाळी घोडे परत आले नाहीत, तेव्हा तो माणूस हातोडा घेऊन तसाच बसला असेल. त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. ते कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं होतं, तेही नाही. सभासदानं फक्त पद लिहिलं, नालबंद. पण लिहिलं हे काय थोडं आहे? एवढ्या मोठ्या राज्याची गोष्ट सांगताना त्यानं सुटे पैसे सोडले नाहीत.

आमच्या कोल्हापुरात मोहरमला बाबूजमालच्या नाल्या हैदर पंजापुढं हिंदू आणि मुसलमान दोघंही हात जोडतात. नावातच नाल आहे. देवाच्या घोड्याला आपण मान देतो. साध्या घोड्याचा खूर ज्यानं हातात धरला, त्यालाही थोडा द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

दिवाळी झाल्यावर मी शेजारचा किल्ला बघायला गेलो. वर सिंहासन, बुरुजावर भगवा, उतारावर कुंभाराकडचे तलवार उपसलेले स्वार. सगळं नेहमीचं. पायथ्याशी तळं केलं होतं, ताटलीत पाणी घालून. तळ्याच्या काठाला एक ओबडधोबड मातीचा रेडा होता. त्याच्या पाठीवर दोन फुगे फुगवून बांधावेत तसं काहीतरी. शेजारी एक माणूस, त्याला तोंड नव्हतं, हातही एकच नीट जमला होता. मी विचारलं, हा कुणाच्या बाजूचा? पोरगा म्हणाला, “चाचा, तो पाणी आणणारा आहे. तो मेला तर सगळेच हरतात.”

तुमच्या घरी, तुमच्या गल्लीत पोरं किल्ला करतील, तेव्हा त्यांना दुकानातलं सैन्य जरूर आणून द्या. कुंभाराची दिवाळी त्यावरच आहे. पण दोन माणसं दुकानात मिळणार नाहीत. ती घरीच करावी लागतील. एक पखालजी आणि एक नालबंद. माती उरलेली असतेच.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)